खाजेची वही

आमच्या कुत्र्याला दर वर्षी गणपतीचं विसर्जन झालं की खाज सुटते आणि दिवाळीच्या फराळाचे डबे तळाला गेले की ती थांबते. पहिल्या वर्षी मी तिकडे लक्ष दिलं नाही. दुसऱ्या वर्षी शंका आली. तिसऱ्या वर्षी वही केली.

वही करणं हे माझं रोजचंच काम आहे. मी सरकारी कचेरीत पावसाचे आकडे जुळवतो. कुठल्या गावच्या पर्जन्यमापकात सकाळी किती मिलिमीटर पाणी सापडलं, ते रोज माझ्याकडे येतं. शेजारची चार गावं धो धो भिजत असताना मधल्या एखाद्या गावाने शून्य कळवलं, तर तिथे फोन करून मापकावर कोणी बादली पालथी घातली आहे का, हे विचारावं लागतं. एकदा खरोखरच घातलेली होती. तेव्हापासून आकडा चुकीचा वाटला की आधी बादली शोधायची, अशी मला सवय आहे. घरच्या प्रकरणात मात्र ती सवय मला वेळेवर आठवली नाही.

कुत्रा गावठी आहे. पांढरा, डावा कान तेवढा तपकिरी. चार वर्षांपूर्वी मिरकरवाड्याच्या मासळी बंदरावर, जेटीवर, बर्फाच्या रिकाम्या खोक्यात तो मला सापडला आणि मी त्याला कापडी पिशवीतून घरी आणला. आमच्याकडे त्याला दहीभात मिळतो. त्याने त्याबद्दल कधी तक्रार केलेली नाही. फक्त मासेवालीची हाक आली की तो फाटकापर्यंत जातो, तिथे थोडा वेळ उभा राहतो आणि परत येतो.

घरात माणसं तीन: मी, बायको आणि माझी आई. बायको गाणं शिकवते. मंगळवार, गुरुवार आणि शनिवारी संध्याकाळी पाच ते सहा, पुढच्या खोलीत, सहा मुली. या वर्गाला कुत्रा न चुकता हजर असतो. तो पेटीच्या शेजारी लादीवर पडून राहतो, आणि एरवी वर्षभर त्याचा कोणाला त्रास नसतो. खाजेच्या दिवसांत मात्र तो बसल्या जागी मान वाकडी करतो आणि मागच्या पायाने कानामागे खाजवायला लागतो. तो पाय लादीवर आपटतो. सेकंदाला साधारण चार ठोके पडतात. विलंबित एकतालात ते कुठेच बसत नाहीत. एक मुलगी हसते, दुसरीची सम चुकते, आणि मग जिची चुकलेली नाही तीही हसते.

त्याला बाहेर बांधून पाहिलं. तो तानपुऱ्याबरोबर ओरडायला लागला. त्याचा सूर बरोबर लागतो, हे बायकोच सांगते, आणि नेमकं तेच तिला सहन होत नाही, कारण दोन मुलींचा अजून लागत नाही. स्वयंपाकघरात ठेवायचं तर आईचा कडक नियम आहे की कुत्र्याने उंबरा ओलांडायचा नाही. म्हणजे जागा एकच, पेटीशेजारची.

यंदा विसर्जनानंतर दहा-बारा दिवसांत त्याने पोटाखालचे आणि काखेतले केस खाजवून खाजवून उडवले. एका मुलीची आई तिला न्यायला आली होती. तिने दारातूनच विचारलं की ही खरूज तर नाही ना, आणि पुढच्या वर्गाला ती मुलगी आली नाही. त्या संध्याकाळी बायकोने मला समोर बसवलं.

"तुम्ही मोजताय ना? मग हेही मोजा," ती म्हणाली. "दिवाळीच्या सुट्टीआधी शेवटचा वर्ग होईल. त्या एका तासात त्याने दहापेक्षा जास्त वेळा खाजवलं, तर तो संगमेश्वरला जाईल."

संगमेश्वरला तिचा धाकटा भाऊ असतो. त्याची आंब्याच्या कलमांची बाग आहे आणि बागेत माकडं फार येतात. माकडं हाकलायला त्याला कधीचा कुत्रा हवा आहे. तिथे हा बागेच्या टोकाला साखळीने बांधला जाणार, त्याला दोन वेळा भाकरी मिळणार, आणि अंगाला खाज सुटली तर सुटली. मेव्हणा वाईट माणूस नाही, पण कुत्र्याच्या काखेत वाकून बघणाऱ्यांपैकी तो नाही. मी बायकोला म्हटलं की तिथे गवत जास्त, तिथे हा जास्त खाजवेल. ती म्हणाली की खाजवू दे, तिथे ऐकायला फक्त माकडं आहेत.

मला तो जायला नको होता. एवढंच लिहितो. याचा आकडा काढता येत नाही.

दुसऱ्या दिवशी त्याला जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्या तरुण आहेत, मला काका म्हणतात, आणि त्यांच्याकडे गायी-म्हशी जास्त येतात, त्यामुळे अठरा किलोच्या कुत्र्याला त्या एका हाताने सहज उलटा करतात. त्यांनी बारीक फणीने गोचिड आणि पिसवा शोधल्या. कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. मग म्हणाल्या की खरूज नाही, एकाची दुसऱ्याला लागणारी गोष्टच नाही. पाऊस ओसरला की गवताला तुरे येतात, त्याची पूड हवेत उडते, ती याच्या कातडीला सोसत नाही. ऋतू संपला की आपोआप कमी होईल. कायमचं बरं व्हायची अपेक्षा धरू नका, पण आवरता येईल.

मी त्यांच्याकडून 'लागट नाही' असं सहीशिक्क्यानिशी लिहून घेतलं. बायकोने तो कागद पुढच्या खोलीत तानपुऱ्याच्या वर चिकटवला. पुढच्या वर्गाला सहाच्या सहा मुली आल्या.

बाकीच्या सूचना मी वहीच्या पहिल्या पानावर उतरवल्या. बाहेरून आला की चारही पंजे साध्या पाण्याने धुवायचे आणि बोटांच्या मधली जागा कोरडी करायची. पोट कोरड्या फडक्याने झटकायचं. आठवड्यातून दोनदा औषधी शाम्पू, आणि फेस अंगावर पूर्ण दहा मिनिटं राहिला पाहिजे. गोळी वजनाप्रमाणे, त्यांनी लिहून दिली तेवढीच. घरातल्या माणसांच्या गोळ्या मनाने द्यायच्या नाहीत. अंगणातलं गवत कापायचं. आणि गवतात सोडायचं नाही. या शेवटच्या सूचनेखाली त्यांनी स्वतः दोन रेघा मारल्या होत्या.

फेसाची दहा मिनिटं हा सगळ्यात अवघड भाग निघाला. ओला कुत्रा दुसऱ्याच मिनिटाला अंग झाडतो, आणि मग शाम्पू त्याच्यापेक्षा माझ्या अंगावर जास्त असतो. पहिल्या आंघोळीनंतर माझी कातडी फार मऊ झाली. दुसऱ्या वेळी बायको दारात उभी राहून हसत होती. हसता हसता तिने सहज एक विलंबित ख्याल धरला, आणि कुत्रा खांबासारखा उभा राहिला. मी घड्याळ लावून पाहिलं. तिचं एक आवर्तन पन्नास सेकंदांचं होतं. बारा आवर्तनं म्हणजे बरोबर दहा मिनिटं. तेव्हापासून दर बुधवारी आणि रविवारी ती मोरीच्या दारात बारा आवर्तनं गायला लागली. शेजारच्या घरातून विचारणा झाली की कार्यक्रम कुठे आहे.

आता मोजण्याबद्दल. एक खाजवणं कशाला म्हणायचं यावर घरात दोन दिवस चर्चा झाली. बायकोच्या मते पायाचा प्रत्येक ठोका वेगळा. तसं धरलं तर कुत्रा पहिल्या दहा सेकंदांतच संगमेश्वरला पोचला असता. माझ्या मते खाजवायला सुरुवात केल्यापासून थांबेपर्यंत एक, आणि मध्ये पाच सेकंद गेले तर पुढचं नवीन. शेवटी माझी व्याख्या मान्य झाली. सकाळी साडेसहा ते साडेसात मी मोजणार, वर्गाच्या दिवशी पाच ते सहा बायको, आणि दुपारी दोन ते तीन आई, कारण तेव्हा ती पडवीत जप करत बसलेली असते.

आईने पेन्सिल घ्यायला नकार दिला. ती जपमाळेवर मोजायची. एरवी एका मण्याला एक नाम घेते, या तासात एका मण्याला एक खाजवणं. संध्याकाळी मी विचारायचो आणि ती सांगायची, "आज मेरुमण्यापासून सतरा." देवाच्या हिशेबात कुत्रा मिसळला तर चालतं का, असं मी विचारलं. ती म्हणाली की देवाला कळतं, तू तुझं बघ.

तीन आठवडे होत आले. सकाळचे आकडे छत्तीसवरून एकवीसवर आले. वर्गातले चोवीसवरून पंधरावर आले. आईचे दुपारचे आकडे तर सहा-सातपर्यंत उतरले. मी खूश होतो. फक्त दोन गोष्टी जुळत नव्हत्या. एक म्हणजे दर सोमवारी सकाळी आकडा एकदम वर जायचा आणि गुरुवारपर्यंत खाली यायचा. दुसरी गोष्ट जास्त काळजीची होती. खाजवणं कमी होत असताना अंगाचा लालपणा वाढत होता.

लालपणा मी नीट मोजला होता. पारदर्शक कागदावर चौकटी आखल्या, तो कागद कुत्र्याच्या पोटावर धरला आणि लाल दिसणाऱ्या चौकटी मोजल्या. पहिल्या आठवड्यात एकोणीस चौकटी होत्या. दुसऱ्यात एकतीस. तिसऱ्यात सत्तेचाळीस, आणि आता पोटाबरोबर कुशीही गुलाबी दिसायला लागल्या होत्या. पांढऱ्या कुत्र्यावर ते लपत नव्हतं. एक मुलगी म्हणाली की आता तो बर्फीसारखा दिसतो. बायकोने भावाला फोन करून साखळी आहे का ते विचारलं, हे मी ऐकलं.

शेवटच्या वर्गाला अकरा दिवस उरले होते. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली, कुत्रा, वही आणि चौकटींचा कागद घेऊन पुन्हा दवाखान्यात गेलो आणि डॉक्टरीणबाईंसमोर सगळे आकडे मांडले. त्यांनी वही शांतपणे वाचली. पोट बघितलं. मग कापसाचा बोळा पाण्यात बुडवून पोटावरून फिरवला. बोळा गुलाबी झाला. त्यांनी तो नाकाशी नेला, थोडा वेळ विचार केला, आणि माझ्या नाकाशी आणला.

"काका," त्या म्हणाल्या, "सोलकढी केव्हा करताय?"

आमसुलं होती. कुत्र्याच्या पोटाला, काखांना आणि दोन्ही कुशींना आमसुलाचं पाणी लागलेलं होतं, आणि मी तीन आठवडे चौकटी आखून तो रंग मोजत होतो. मापकावरची बादली माझ्याच पडवीत होती.

बाईंनी हसणं आवरलं आणि नीट सांगितलं. आंबट पाणी सोललेल्या कातडीवर झोंबतं. कुत्रा ते चाटत बसतो, म्हणून दुपारच्या त्या तासात खाजवत नाही. पण चाटून चाटून जागा ओली राहते आणि उलट चिघळते. तरी खालची कातडी पहिल्यापेक्षा बरीच बरी आहे. हे थांबवा, बाकी सगळं चालू ठेवा. मग त्यांनी वहीतल्या सोमवारांवर बोट ठेवलं आणि विचारलं, "रविवारी काय करता?"

मी म्हटलं की सोमवारी आईचा उपास असतो. त्या म्हणाल्या की उपासाने कुत्र्याला खाज सुटत नाही, मी रविवारचं विचारते आहे.

इथे मला खरं सांगावं लागलं. रविवारी सकाळी मी त्याला सड्यावर नेत होतो. गावाबाहेर जो उघडा कातळाचा माळ आहे, तिथे या दिवसांत गुडघाभर गवत असतं, आणि त्या गवतात तो वेड्यासारखा धावतो, लोळतो, पाठीवर पडून चारही पाय वर करतो. दिवाळीनंतर तो साखळीला बांधला जाणार असेल, तर तोपर्यंत चार रविवार त्याने धावावं, असं मला वाटलं होतं. हे मी वहीत लिहिलं नव्हतं. इतर प्रत्येक गोष्ट लिहिली होती, ही सोडून.

बाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणजे तो जाऊ नये म्हणून सहा दिवस औषध देता, आणि तो जाणार म्हणून सातव्या दिवशी गवतात लोळवता, असं त्या म्हणाल्या. मी हो म्हटलं.

घरी आलो तेव्हा आई पडवीत होती आणि तिच्या शेजारी पितळेच्या वाटीत भिजवलेली आमसुलं होती. तिने ती लपवली नाही.

"तू लावतेस?" मी विचारलं.

"हो, मी लावत्ये," ती म्हणाली. "पित्त उठलं की आमसूल चोळतात. तुला लहानपणी उठायचं तेव्हा तुलाही चोळलंय. तेव्हा नाही बरी वही काढलीस."

मी म्हटलं की याला पित्त नाही, गवताची ॲलर्जी आहे.

"तुझी ॲलर्जी तुझ्याकडे. मी लावल्यावर दुपारी किती खाजवायचा? सहा. आणि तुझ्या सकाळच्या तासात? एकवीस. मेल्या, तूच लिहितोस ना?"

आकड्यांवरून मला निरुत्तर करणारी माणसं कचेरीत फार नाहीत. चाटण्याची गोष्ट मी तिला दोनदा समजावून सांगितली. ती ऐकत होती आणि वाटी हळूहळू माझ्याकडे सरकवत होती. तिची बाजू मला नंतर कळली. त्याला स्वयंपाकघरात घ्यायचं नाही हे खरं, पण संगमेश्वरला पाठवायचं असं ती कधीच म्हणाली नव्हती. दुपारी घरात कोणी नसतं. पडवीत ती आणि तो, एवढेच असतात. त्या संध्याकाळी बायकोने आमटीत तीच आमसुलं घातली. आई म्हणाली की वाटीत कुत्र्याने तोंड घातलं नव्हतं. मी जेवलो.

पुढचे अकरा दिवस मी सरळ वागलो. सड्यावर गेलो नाही. रविवारी सकाळी तो दारात पट्टा तोंडात धरून उभा राहिला तेव्हा मी त्याला डांबरी रस्त्याने दीपगृहाच्या दिशेला नेलं, आणि तो पूर्ण रस्ताभर माझ्याकडे मागे वळून बघत चालला. परत आल्यावर पंजे धुतले, बोटांमधलं पुसलं, आणि फिरणं कुठे झालं ते वहीत लिहिलं. सोमवारचा उंचवटा नाहीसा झाला. गुलाबी रंग दोन आंघोळींत गेला आणि खाली चौकटी उरल्या आठ. वर्गातला आकडा मात्र हट्टी होता. चौदा, तेरा, बारा, आणि शेवटच्या आधीच्या वर्गात पुन्हा तेरा.

शेवटचा वर्ग शनिवारी होता. त्या दिवशी मोजायचं काम माझ्याकडे आलं, कारण बायको म्हणाली की शिकवता शिकवता मोजलं तर दोन्ही चुकतं. मी मधल्या दारात पेन्सिल घेऊन उभा राहिलो. आई मागे स्वयंपाकघरात चकल्या तळत होती आणि दर थोड्या वेळाने झारा हातात घेऊन येऊन माझ्या खांद्यावरून बघत होती.

पहिल्या वीस मिनिटांत पाच झाले. मग तो झोपला. साडेपाचला जागा झाला आणि लागोपाठ दोन. पावणेसहाला आठवं आणि नववं. आई म्हणाली की नववं खाजवणं नव्हतं, तो माशी हाकलत होता. मी म्हटलं की माशी दिसली नाही. पाच बावन्नला दहावं. आता आठ मिनिटं होती. मुलींनी शेवटचं भजन धरलं. त्यांनाही अट माहीत असावी, कारण सहाही जणी पुस्तकाऐवजी कुत्र्याकडे बघत गात होत्या. कुत्रा डोळे मिटून पडला होता. भजन संपलं. बायकोने पेटीचा भाता बंद केला. मुली नमस्काराला उठल्या. तेवढ्यात तो उठून बसला, मान वाकडी केली आणि कानामागे खाजवलं. एकदाच, पण सगळ्यांच्या देखत. पाच वाजून एकोणसाठ मिनिटं झाली होती.

मुली गेल्या. बायको आत आली.

"किती?"

"अकरा," मी म्हटलं.

"अकरावं कधी झालं?" तिने विचारलं.

"पाच एकोणसाठला."

"म्हणजे भजनानंतर. भजन झालं की वर्ग संपला."

मी म्हटलं की वर्ग पाच ते सहा असतो. ठरलं होतं ते एका तासाबद्दल ठरलं होतं, आणि तास पुरा व्हायला एक मिनिट बाकी होतं.

"वर्ग माझा आहे," बायको म्हणाली. "तो केव्हा संपतो ते मी ठरवत्ये. तुम्हाला तो इथे हवाय की नकोय?"

"गप्प बस रे मेल्या," आई मागून म्हणाली.

मला तो हवा होता. आकडाही अकराच होता. या दोन गोष्टी एकाच वेळी कशा सांगायच्या याचा मी विचार करत होतो, तोवर बायकोने भावाला फोन लावला. मी ऐकत होतो. ती त्याला सांगत होती की निकाल लागला, दहा आले, कुत्रा काही येत नाही, माकडांसाठी दुसरी व्यवस्था बघ. दहा हा शब्द ऐकून मी तोंड उघडलं. आईने त्यात कढईतून नुकतीच काढलेली चकली घातली आणि मीठ बघ म्हणाली. चकली चांगलीच गरम होती. ती गिळून होईपर्यंत फोन ठेवलेला होता, आणि मीठ बरोबर होतं.